शून्य आकाराची फाइल

जव्हारला आमचं ऑफिस दोन खोल्यांचं. आमची छोटी संस्था डोंगरातल्या पाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बोलणं त्यांच्या घरच्या बोलीत रेकॉर्ड करते आणि भाड्याच्या एका व्हर्च्युअल सर्व्हरवर ठेवते. म्हणजे यंत्र आमचं नाही, लांब कुठल्यातरी कंपनीच्या मोठ्या यंत्रातला एक तुकडा आमचा. तो सांभाळणं माझं काम. रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणंही माझ्याकडेच, कारण ऑफिसात ती बोली घरची असलेली मी एकटीच.

माझ्याआधी आईला एक मूल झालं होतं आणि ते गेलं, एवढंच मला माहीत होतं. तेही लहानपणी कोणाच्यातरी भांडणात कानावर पडलेलं. तेव्हा आई-बाबा वावर गावाकडे राहायचे. त्या वर्षांत तिकडे कुपोषणाने बरीच पोरं गेली. मग ते मोखाड्याजवळच्या पाड्यावर आले आणि मी झाले. आई त्याबद्दल कधी बोलली नाही, बाबा गेल्यावरही नाही. मी विचारलं की ती चुलीतली लाकडं पुढे सारत बसायची.

गेल्या थंडीत, भात झोडून झाल्यावर, तिनेच विषय काढला.

"तुझ्या हापिसात लोकांचा बोलना भरून ठेवतात ना? मला बी बोलायचा हाय."

"रविवारी घेऊन येते रेकॉर्डर."

"तू नको. तुझ्यापुढं नाय होनार. ती पुण्याची पोरगी पाठव."

"तिला आपली बोली कळत नाही गं."

"त्येच बरा," आई म्हणाली. "तू मागनं ऐक. एकली असशील तवा."

माझी पुण्याची सहकारी गेली आणि संध्याकाळी परत आली. "ताई, तुमच्या आई दुपारभर बोलत होत्या. मला काही समजलं नाही, पण मी मध्ये थांबवलं नाही." तिने फाइल सर्व्हरवर चढवली, स्क्रीनवर हिरवी खूण आली. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे तिने रेकॉर्डरचं कार्ड रिकामं केलं आणि दुसऱ्या दिवशी तोच रेकॉर्डर घेऊन पोशेऱ्याला गेली.

मला लगेच ऐकायचा धीर होईना. ऐकल्यावर आईकडे कुठल्या तोंडाने बघायचं, तेच कळत नव्हतं. तेवढ्यात एका सकाळी आई अंगणात नागली पाखडता पाखडता खाली बसली ती उठली नाही. गाडी मिळून जव्हारच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य उरकून मी कामावर आले तर सहकारी म्हणाली, सर्व्हरवर काहीच जतन होत नाही. मला बरं वाटलं. हाताला काम हवंच होतं. पाहिलं तर डिस्क काठोकाठ भरलेली. पण एकेका फोल्डरचा आकार मोजत गेले तर सगळं मिळून निम्मंही भरेना. उरलेली जागा खाल्ली कोणी? लपलेले फोल्डर उघडले, जुन्या प्रती पाहिल्या, कचरापेटी पाहिली. दुपार त्यात गेली. शेवटी सापडलं. पूर्वी कोणीतरी नोंदींची एक मोठी फाइल पुसली होती, पण जो प्रोग्राम तिच्यात लिहीत होता तो बंद केला नव्हता. अशी फाइल दिसेनाशी होते, जागा मात्र सोडत नाही, आणि प्रोग्राम तिच्यात लिहीतच राहतो. मी तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. जागा झटक्यात मोकळी झाली. आम्ही चहा मागवला.

चहा पिताना माझ्या मनात आलं, डिस्क भरलेली असताना ज्या फाइल चढवल्या, त्यांचं काय झालं असेल? सर्व्हरला शून्य आकाराच्या फाइल शोधायला सांगितलं. काही नावं आली. त्यात आईचं नाव होतं, गावासकट. नाव लिहायला जागा मिळाली होती, आवाजाला मिळाली नव्हती. हिरवी खूण नुसत्या नावावर आली होती.

मी ती फाइल तरीही उघडून पाहिली. कंपनीने घेतलेली रोजची प्रत मागवली, तीही शून्य. कार्डावरून पुसलेलं परत आणणारा प्रोग्राम चालवला. पोशेऱ्याचे आजोबा आले, कोंबडे आले, पोशेऱ्याच्या लग्नात वाजलेला तारपा आला. आई आली नाही.

सहकारी भिंतीला टेकून रडत होती. "ताई, मी कार्ड पुसायला नको होतं."

"तुला दिसलं ते हिरवंच होतं," मी म्हणाले. तिला जवळ घेतलं, तेव्हा कुठे मला रडू फुटलं. आई गेल्यावरही मी एवढी रडले नव्हते.

मग मी तिला विचारत राहिले. आई कुठे बसली होती? हात कसे करत होती? ती आठवून आठवून सांगायची. उंबऱ्यात बसल्या होत्या. एकदा हात गुडघ्याइतका उंच धरला होता. एकदा हसल्या. "आणि एक शब्द सारखा यायचा, ताई. बाय."

आमच्याकडे लहान मुलीला लाडाने बाय म्हणतात. पण आई मलाही बायच म्हणायची, मी एवढी मोठी झाले तरी. ते गेलेलं मूल मुलगी होती आणि आई तिच्याशी बोलत होती, की माझ्याशी? बोली समजणाऱ्या कोणालाही ते पुढच्या शब्दात कळलं असतं.

उन्हाळ्यात मी वावरला मावशीकडे गेले. आईची सख्खी बहीण, आता तीच एक उरलेली. तिला ऐकू कमी येतं, म्हणून मी अगदी जवळ बसले.

"मावशी, माझ्याआधी आईला काय होतं? मुलगा की मुलगी?"

"पोर होता," मावशी म्हणाली.

आमच्या बोलीत मुलगा असला तरी पोर होता आणि मुलगी असली तरी पोर होता असंच म्हणतात. मी पुन्हा विचारलं.

"तिनं तुला सांगतला नाय?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "माझ्यापर्यंत पोचलं नाही."

मावशी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मंग तिचा तिच्याजवळ राहूं दे."

मी खूप विनवलं. ती उठली आणि माझ्यासाठी भाकर थापायला बसली. मला भूक नव्हती. तिने ताटात वाढलं तेवढं मी सगळं खाल्लं.