डावा पाय

"देव न मानणारा माणूस खरं कशाला बोलेल?" हा प्रश्न वर्गात निघाला, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मला म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतल्या शेणाचा वास येतो.

एका वर्षी बाबा तिथे बैल विकायला उभे होते, मी शेजारी. गिऱ्हाईक म्हणालं, "लाथ मारत नाय ना? देवाची शपथ घ्या."

"आमी बौद्ध. देवाची शपथ नाय घेत," बाबा म्हणाले. "पण मारतो. डाव्या पायानं."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात बैलानं गिऱ्हाइकाला लाथ घातली. डाव्याच पायानं.

मांडी चोळत गिऱ्हाईक चक्क खूश झालं. "सकाळपासून तिघांनी शपथा घेतल्या, तिघांचेही बैल मारके निघाले. तुमचा सांगितल्या पायानं मारतो. द्या!"

घरी निघालो, तर अर्ध्या वाटेत बाबा थबकले.

"उजव्या पायाचं सांगायचं राहिलं," म्हणाले, आणि जत्रेकडे परत वळले.