पहिला घास थोरल्याचा

यापामाच्या अंगणात एकतीस वर्षं पहिला घास कासवानं खाल्ला. त्यात नवल काही नाही. कड्याखालच्या आमच्या गावात घरधनी घरात नसला की त्याचा मान कासवाकडे जातो. बाजरीचा घट्ट घाटा उतरवायचा, एक गोळा गोरखचिंचेच्या पाल्याच्या कालवणात बुडवून कासवापुढे धरायचा आणि त्यानं तोंड लावलं की मग बाकीच्यांनी हात घालायचा. घरधनी संध्याकाळी शेतावरून परतला की मान पुन्हा त्याचा. यापामाचं नवल एवढंच, की तिचा घरधनी परतलाच नव्हता.

ती कड्यावरच्या वस्तीतून सून म्हणून खाली आलेली, अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून काटक. लग्नानंतर तिची दोन लेकरं पाठीला बांधण्याइतकीही मोठी न होता गेली. मग नऊ वर्षं सांभाळलेला पिवळा कुत्रा गेला, तेव्हा ती लेकरांसाठी रडली नव्हती इतकी रडली. लोक हसले. तिचा नवरा आनागाली हसला नाही, कारण ती नेमकी कुणासाठी रडतेय ते त्याला कळत होतं. आठ दिवसांनी तिनं जाहीर केलं, की आपल्या आधी मरेल असं काहीही आता या अंगणात नको.

"मग दगड पाळ," आनागाली म्हणाला.

"दगड खात नाही. मला कुणाला तरी वाढायचंय."

दोघांनी बरेच दिवस यावर डोकं चालवलं. मांजर दहा वर्षं जगतं आणि त्यातली नऊ चोऱ्या करण्यात घालवतं. बकरीला एकदा नाव ठेवलं की कापताना हात चालत नाही. गाढव तीस वर्षं काढतं खरं, पण त्याचा चारा वाहता वाहता माणसाचंच गाढव होतं. शेवटी एक दिवस आनागाली मैदानाकडून आला तो डोक्यावरची टोपी हातात धरून. टोपीत तळहाताएवढं कासव होतं. याला खायला पाला आणि प्यायला दव, तो म्हणाला. हे ओरडणार नाही, चावणार नाही आणि तू गेल्यावरही पन्नास वर्षं इथंच फिरत राहील. यापामानं त्याचं नाव थोरला ठेवलं. मुठीत मावणाऱ्या जिवाला असलं भारदस्त नाव दिल्यामुळे शेजारणी पोट धरधरून हसल्या.

थोरला तीन पावसाळ्यांत घरची रीत शिकला. आनागाली घरी असला की त्याच्या बसायच्या ओंडक्याजवळ, डाव्या अंगाला, मान आत घेऊन थांबायचा. धन्याचे दोन घास झाले की मान बाहेर यायची आणि मग त्याचा गोळा. धनी बाहेर असला की तो ओंडक्याकडे फिरकायचाही नाही, सरळ यापामाच्या हाताकडे चालत यायचा. त्याला हे कसं कळायचं ते विचारू नका, आम्हीही कधी विचारलं नाही.

चौथ्या वर्षी बाजरी करपली आणि आनागाली दक्षिणेला, कोकोच्या मळ्यांत कामाला गेला. यापामाला तेव्हा सातवा महिना होता. तो परत आला नाही. त्याचा निरोप आला नाही, वस्तू आली नाही, त्याला कुठं पाहिलं असं सांगणारा माणूसही आला नाही.

तिच्या पोटातला तो मुलगा म्हणजे आतिमे. आतिमे कासवाच्या मागून जेवत वाढला. लहानपणी त्याला त्यात गंमत वाटायची. तो थोरल्याच्या पाठीवर बसून अंगणभर फिरायचा. मिशी फुटल्यावर मात्र तो घास रोज त्याच्या घशात अडकू लागला. थोरलाही आता दोन माणसांना उचलेना. एकदा पाठ खाजवता खाजवता त्यानं धान्याच्या कणगीचा खांब आडवा केला, तेव्हा यापामानं नुकसानीबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट त्याच्या पाठीला कुठं खरचटलं का ते पाहिलं. कमी त्रासाचं जनावर म्हणतात ते हे.

आतिमेचं खरं दुखणं वेगळं होतं. त्याची बायको यासा आणि दोन पोरं गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या बापाच्या घरी राहत होती. आमच्याकडे मुलंबाळं होईपर्यंत बायको माहेरीच असते. मग घरधनी आपल्या हातानं उंबऱ्यावर पाणी शिंपडतो आणि सुनेला आत बोलावतो. आतिमेच्या उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं कुणी? आनागाली एकुलता होता आणि परगावी होता. कासव पाणी शिंपडत नाही.

गावातल्या म्हाताऱ्यांनी बैठकीच्या बुटक्या छपराखाली बसून यावर तोड सांगितली होती. आनागालीच्या कपड्यांचं गाठोडं बांधा, त्यालाच देह समजा, मुखवट्यांचा नाच करून त्याला वाटेला लावा, की आतिमे घरधनी झाला. फक्त त्याआधी बायकोनं आपल्या तोंडानं म्हणायला हवं, की तो गेला. आणि यापामा ते म्हणत नव्हती. आमची सकाळची विचारपूस लांबलचक असते. शेजारीण याकुनू रोज भिंतीपलीकडून घर कसं, पोर कसं, बाजरी कशी हे ओळीनं विचारायची आणि यापामा बरं आहे, बरं आहे म्हणत जायची. शेवटी प्रश्न यायचा, घरधनी कसा? त्यावर एकतीस वर्षं तिचं एकच उत्तर होतं, "परगावी आहे."

त्या वर्षी सुगी उरकली आणि यासाच्या बापानं निरोप धाडला: पुढच्या पेरणीआधी मुलीला नांदायला नेलं नाही, तर तिचं दुसरीकडं बघू. आतिमे त्या दिवशी आईपुढं रडला. तीस वर्षांचा दांडगा गडी, पण रडला. यापामा बराच वेळ कांदे कुटत राहिली.

"थोरला घास नाकारील त्या दिवशी म्हणेन, की तो गेला," ती शेवटी म्हणाली.

आतिमेला हसू की रडू ते कळेना. ते कासव तो स्वतः मेल्यावरही खात असणार होतं, आणि आईनं ते त्यासाठीच तर निवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो शेतातून तीन मोठी कलिंगडं घेऊन आला आणि कणगीमागं बसून त्यानं ती थोरल्याला सालींसकट चारली. थोरला पोट जमिनीला टेकेपर्यंत खात होता. दुपारी यापामानं गोळा पुढं धरला. थोरल्यानं वास घेतला, डोळे मिटले आणि तोंड वळवलं. यापामाचा हात तसाच पुढं राहिला, कालवण कोपरापर्यंत ओघळलं. आतिमे खाली बघत होता. त्याला वाटलं होतं, आपल्याला हलकं वाटेल. पण कुणाचा तरी गळा दाबल्यासारखं वाटलं.

"उद्या सकाळी म्हाताऱ्यांकडे जाऊ," यापामा म्हणाली, आणि थोरल्यानं तोंड न लावल्यामुळं कुणीच न खाल्लेलं ते जेवण तिनं झाकून ठेवलं.

सकाळ झाली तर छपराखालचे म्हातारे शेजारच्या गावच्या बाजाराला गेलेले. दुपारी पुन्हा घाटा उतरला. आज आतिमेनं काही चारलं नव्हतं. पुन्हा कलिंगड आणायला तो बांधापर्यंत गेला होता, पण लाज वाटून रिकाम्या हातानं परतला. आता थोरला खाणार आणि कालचं सगळं पाण्यात जाणार, हे धरूनच तो बसला होता. थोरला आला. यापामानं गोळा पुढं केला. थोरला त्या हाताला वळसा घालून पुढं गेला, सावकाश, अंगणाच्या त्या कोपऱ्याकडे जिथं एक झिजलेला ओंडका पडून होता आणि ज्यावर आतिमेच्या आठवणीत कुणी बसलं नव्हतं. ओंडक्याच्या डाव्या अंगाला त्यानं पाय दुमडले आणि मान आत घेतली.

आतिमेनं हे कधी पाहिलं नव्हतं. त्यानं आईकडं पाहिलं. ती उठली, आत जाऊन आनागालीचं झाकणाचं लाकडी वाडगं घेऊन आली, पदरानं पुसलं, त्यात घाटा वाढला आणि ओंडक्यापुढं ठेवलं. वाडग्याची कड तिनं बोटानं निपटली, रोजचंच काम असल्यासारखी, आणि आतिमेला त्याचीच भीती वाटली.

"आई, हे काय चाललंय?"

"बस खाली. त्याचं आधी."

दोघं वाट बघत बसले. वाडग्यावरची वाफ गेली, घाट्यावर साय धरली. थोरल्यानं मान बाहेर काढली नाही. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी ओंडक्यामागची कोंबडी उठून लांब जाऊन बसली. सूर्य कड्याआड गेला तेव्हा यापामानं वाडगं उचललं आणि दमला असेल, लांबून चालत आलाय, एवढंच पुटपुटली. त्या दिवशी त्या घरात कुणी जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतिमे भिंतीलगत कुदळ घासत होता. पलीकडून याकुनूची विचारपूस सुरू झाली. घर कसं, बरं आहे. पोर कसं, बरं आहे. बाजरी कशी, बरी आहे. घरधनी कसा?

"बरा आहे," यापामा म्हणाली.

पलीकडचं मुसळ थांबलं. ते पुन्हा पडायला लागायला बराच वेळ गेला. आतिमेनं कुदळ टाकली आणि आईसमोर जाऊन सगळं ओकून टाकलं, की परवा मीच त्याला कलिंगडं चारली होती, हे सगळं माझंच पाप आहे, आता पुरे कर.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "बिया चिकटल्या होत्या त्याच्या तोंडाला. म्हटलं, पोराला इतकं जड झालंय तर म्हणून टाकावं, गेला म्हणून. शब्द तोंडात घेऊनच बसले होते मी." मग तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "आणि काल काय चारलंस?"

"काल काही नाही."

"तेही ठाऊक आहे. मी बघत होते." ती उठली आणि चुलीकडं वळली. "जा, यासाला आणि पोरांना घेऊन ये. पाणी शिंपडायला धनी घरी आहे."

याच वाक्यासाठी तो इतकी वर्षं झुरला होता. आणि आता ते ऐकून त्यानं टाकलेली कुदळ पुन्हा उचलली. पोरांना इथं आणू नये, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं. पण न आणावं तर पेरणीआधी ती कायमची जाणार होती. तो गेला. यासाला त्यानं काहीच सांगितलं नाही. ती डोक्यावर मडकी रचून, धाकटीला पाठीला बांधून, हसत हसत त्याच्यामागून निघाली.

उंबरा ओला होता. ओंजळभर पाणी नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपडलेलं. यासानं वाकून नमस्कार केला आणि ती आत आली. पाणी आईनंच शिंपडलं असणार. यापामा आत जात्यापाशी होती, आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत कोरड्या पिठानं माखलेले होते.

जेवायला सगळे अंगणात बसले. लाकडी वाडगं ओंडक्यापुढं होतं, थोरला डाव्या अंगाला मान आत घेऊन, पुढ्यात त्याचा गोळा ठेवलेला. धाकटीनं भूक लागली म्हणून भुणभुण लावली आणि यासानं डोळ्यांनीच नवऱ्याला विचारलं, आपण कशाची वाट बघतोय? आतिमे थोरल्याकडं बघत होता. थोरल्यानं उठावं, वळावं, आईच्या हाताकडं चालत यावं आणि नेहमीसारखा पहिला घास घ्यावा, एवढंच तो मनातल्या मनात विनवत होता. आयुष्यभर त्यानं ज्या घासाचा राग केला, तो आज त्याला हवा होता.

थोरला उठला नाही. थोड्या वेळानं त्यानं बसल्या जागी मान बाहेर काढली, वर ओंडक्याकडं पाहिलं आणि मग पुढ्यातला गोळा सावकाश खायला लागला.

म्हणजे धन्याचे दोन घास झाले होते. यापामानं सगळ्यांना खूण केली, आणि आतिमेनं बापाच्या मागून घाट्यात हात घातला.