दात आवळले, म्हणून वाचले

"एन्सेफलायटिस आहे, मेंदूला सूज आलीय," पेणच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर माझ्या नवऱ्याला सांगत होते. "त्या आता अनरिस्पॉन्सिव्ह आहेत." म्हणजे हाकेला ओ नाही, चिमट्याला हालचाल नाही. "त्यांना काही कळत नाहीये, असं धरून चला."

हे सगळं मी ऐकत होते. बोंब मारावी म्हटलं, तर जीभ हलेना.

आधीचं सांगते, कारण तुमच्या घरात असं झालं तर वेळ घालवू नका. आमचं गाव रोह्याजवळ. वालाच्या शेंगा काढायचे दिवस होते. ताप आला, डोकं फुटायला लागलं. मी गोळी घेऊन शेतावर जातच राहिले. मग एका सकाळी सख्ख्या मुलीला विचारलं, "तू कुणाची गो?" घरात सगळ्यांना गंमत वाटली. दुपारी झटका आला. नवरा धाटावच्या कंपनीतून शिफ्ट अर्धी टाकून धावत आला आणि रोह्याहून मला पेणला हलवलं. एमआरआय झाला, मणक्यातलं पाणी काढून तपासलं, नाकातून अन्नाची नळी घातली.

शुद्ध म्हणजे दिव्याचं बटण असेल, असं मला वाटायचं. तसं नसतं. कधी नुसता आवाज यायचा, अर्थ यायचा नाही. कधी सगळं लख्ख कळायचं. डॉक्टर रोज ग्लासगो कोमा स्केल बघायचे, म्हणजे डोळे, बोलणं, हालचाल यांना मार्क द्यायचे. मी रोज नापास. दहावीत नापास झाले तेव्हा रडले होते, इथे संतापायचे.

भेटायला आलेली माणसं माझ्याच उशाशी माझ्याबद्दल 'होती' म्हणायला लागली. "हाताला चव होती गो तिच्या!" अहो, हात इथेच आहे ना!

नवऱ्याला लहानाचं मोठं केलं ते त्याच्या आत्यानं, नानीनं. माझ्यावरही तिचा जीव. ती म्हणाली, "बाबू, हितं नळ्यांत मरण नको रे तिला. आता काय राह्यलं नाय. घरी नेऊ." नवऱ्यानं माझं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "उद्या नेऊ." घरी नेणं म्हणजे नळी काढणं, आणि नळी काढली की मी संपले. मला जगायचं होतं आणि ते सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

सकाळी नानी पदराआड गंगेचा गडू घेऊन आली. काशीहून आणलेला तो तांब्याचा मोहोरबंद गडू तिनं स्वतःच्या मरणासाठी देव्हाऱ्यात जपला होता. आमच्याकडे तोंडात गंगा पडल्याशिवाय माणसाला जाऊ देत नाहीत. घरी पोचेपर्यंत मी टिकते की नाही, म्हणून तिनं तो तिथेच फोडला. गिळता येत नाही, पाणी फुप्फुसात जाईल, तोंडानं काही देऊ नका, असं सिस्टरनी बजावलं होतं. पण गंगा म्हणजे काय नुसतं पाणी?

"घे गो बाय, तोंड उघड."

तिची बोटं ओठांवर आली. मी होतं नव्हतं ते सगळं बळ जबड्यात आणलं आणि दात आवळले.

"दातखीळ बसली रे! गेली!" नानी किंचाळली. सिस्टर धावली, मागून डॉक्टर आले. म्हणाले, हा रिफ्लेक्स असू शकतो, म्हणजे शरीराची आपोआप होणारी हालचाल. पण ते परत फिरले नाहीत, वाकले. "ताई, ऐकू येत असेल तर दात सोडा." मी सोडले. "पुन्हा आवळा." आवळले. मग नवरा रडत म्हणाला, "घरी जायचं नसेल तर आवळ." मी इतके आवळले की दाढ ठणकली.

"आम्ही बाहेरूनच बघतो," डॉक्टर म्हणाले. "आत कोण जागं आहे ते प्रत्येक वेळी नाही कळत. बरं झालं सांगितलंत." त्या वाकण्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

आज मी चालते. डावा पाय ओढला जातो, बोलताना शब्द हरवतात. शुद्ध म्हणजे काय, ते मोठ्या लोकांनी ठरवावं. मला विचाराल तर, 'नको' म्हणणारं कुणीतरी आत असणं. तुमचं माणूस असं पडलं असेल तर त्याच्याशी बोला, त्याला विचारा. उत्तर येत नाही म्हणून विचारणं सोडू नका.

नानी अजून कुरकुरते, "माझी गंगा फुकट घालवलीस."

"दुसरी आणीन की. पण तुलापण विचारूनच घालणार."

"आन् मी दात आवळले तर?"

"तर नाही घालणार."

नानी पदरात तोंड लपवून किती तरी वेळ हसत होती.