काळ्या गाडीवरची जाळी

परमेश्वरानं सूर्य कशासाठी निर्माण केला, याबद्दल शास्त्रज्ञांत आणि पुराणिकांत मतभेद असतील. माझ्या थोरल्या साडूंना मात्र उत्तर पक्कं ठाऊक होतं. काळ्या गाडीवरचे बारीक ओरखडे दिसावेत म्हणून! पिकं येणं, कपडे वाळणं, पापड कडक होणं ही सगळी सूर्याची फावल्या वेळातली कामं. वाळूजच्या एका कारखान्यात रंगखात्यात तीस वर्षं काढून या गृहस्थांची नजर अशी तयार झाली होती, की बजाजनगरातल्या आपल्या ओट्यावर बसून त्यांना दौलताबादच्या किल्ल्यावरचा हललेला दगड दिसावा. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी, पण झळझळीत काळी गाडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात तिच्याकडं पाहून असा हंबरडा फोडला, की शेजारचे दोघं घाईघाईनं टोप्या घालूनच आले. "साडूभाऊ, फसलो!" ते मला फोनवर म्हणाले. "जाळी हाय. सगळी जाळी!"

ही जाळी तुम्हीही कधी पाहू नका, एवढीच माझी विनंती. काळ्या रंगात सूर्याचं बिंब पडलं, की त्याच्याभोवती कोळ्यानं विणल्यासारखे केसाएवढे गोल गोल ओरखडे उमटतात. एकदा दिसले की माणसाचं संसारातलं लक्ष उडतं. धुळीच्या गाडीवर कोरडा फडका फिरवला की ते पडतात, आणि ती वर्षं कोरड्या फडक्याचीच होती. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत आणि हरवलेला चेंडू भेगेत हात घालून काढत. त्यात शहर चारी अंगांनी फुगत होतं. साडूंच्या घरासमोर सहा मजली इमारत चढत होती. तिचा निदान दीड मजला तरी धुळीच्या रूपानं त्यांच्या गाडीवर उतरला असेल.

गाडी घेतली होती ती अक्कासाठी. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. माहेर दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी. आमच्या सासूबाई उभ्या जन्मात एकच गोष्ट मागून बसल्या होत्या : "माझी लेक माझ्या दारात सोताच्या गाडीतनं उतरताना मला एकदा बघायचीय." शरणापूरवरनं जायचं तर अर्ध्या तासाचा रस्ता. पण साडू म्हणाले, "असल्या तोंडानं सासुरवाडीला न्यायची? जरा जाळी काढतो, मग जाऊ." त्या 'जरा'ला अडीच वर्षं लागली.

कारण मशीन त्यांना वर्ज्य. "मशीनला हात असतो, बोटं नसतात," असं ते म्हणत. सकाळी अंगठी, घड्याळ काढून, पट्ट्याचा ओरखडा नको म्हणून पायजमा घालून आणि त्याची नाडीसुद्धा पाठीमागं बांधून ते गाडीपुढं उभे राहत. वीतभर चौकोन घ्यायचा, वाटाण्याएवढं पॉलिश घ्यायचं आणि मऊ फडक्यानं सरळ रेघेत घासायचं. उभं, मग आडवं. गोल हात फिरवणाऱ्याला ते माणसात धरत नसत. अक्का तव्यावर गोल पळी फिरवून धिरडं घालायची, तर हे तोंड फिरवून बसत. हातातला फडका जमिनीवर पडला, की तो मेला. त्याला घरात परत प्रवेश नाही. पाणी टँकरचं नको, त्यात रेती असते. म्हणून घरची माणसं टँकरचं पाणी उकळून प्यायची आणि गाडी जारचं विकतचं पाणी प्यायची. मला एकदा तहान लागली तर अक्का कानात म्हणाली, "गाडीच्या पाण्यातलं घोटभर देऊ का? तुमच्या साडूंना सांगू नका."

पुढं पुढं त्यांना माणसं दिसेनातच, नुसत्या गाड्या दिसायच्या. एका लग्नात नवरदेवाच्या काळ्या गाडीवर फुलं चिकटवलेली पाहून ते टॉर्च घेऊन बॉनेटवर असे वाकले, की वरात पाऊण तास तिथंच आणि मुहूर्त मांडवात एकटाच उभा. एका ओळखीच्यांच्या अंत्ययात्रेत सगळे डोळे पुसत असताना यांनी माझं कोपर दाबलं : "माणूस गेला ते वाईटच. पर गाडी काय जपलीय हो!" समोरचे पंक्चरवाले चाचा रोज हाक घालायचे, "क्या भाऊ, इसको चलाते बी, के नुस्ता घिसतेच?" त्यावर साडू फक्त हसायचे. गाडी चालवली की धूळ, धूळ आली की पुसणं, पुसलं की जाळी. हे गणित त्यांच्यापुरतं सुटलेलं होतं : चालवायचीच नाही.

मधूनमधून अक्का एसटीनं माहेरी जाऊन यायची. एकदा आली ती म्हणाली, "आईला डोळ्यापुढं धुरकट दिसतंय म्हनं."

साडू गाडीच्या मागच्या दाराशी टॉर्च घेऊन बसलेले. "मलाबी हे दार धुरकटच दिसतंय," ते म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो, हे लिहून ठेवलेलं बरं.

दिवाळीनंतर दोघी बहिणी 'आता गाडीतनंच जाऊ' म्हणून माहेरी गेल्या नव्हत्या. अखेर गाडी झाली. काय सांगू! बिंब असं स्वच्छ, की त्यात बघून सूर्यानं भांग पाडावा. नारळ फोडला, तोही गाडीपासून चाळीस पावलं लांब. साडू, अक्का, मी आणि माझी बायको असे निघालो. वेग असा, की एका म्हातारीनं शेळी हाकत आम्हाला मागं टाकलं. दारात थांबलो. अक्का ठेवणीतलं लुगडं सावरत राणीसारखी उतरली. सासूबाई चौकट धरून बाहेर आल्या आणि गाडीकडं नव्हे, पलीकडच्या लिंबाकडं तोंड करून म्हणाल्या, "आली का गं माझी बाई? उतरली का?"

आमच्या मेव्हण्यानं साडूंना बाजूला घेतलं. "दिवाळीपासनं कायच दिसत नाय तिला, दाजी. काचबिंदू म्हनले डॉक्टर. गेलेली नजर येत नसती. तिनंच सांगू दिलं नाय. म्हनली, काम अर्धं टाकून येतील."

केसाएवढा ओरखडा टिपणारा तो माणूस. मी त्यांच्याकडं पाहू शकलो नाही. अक्कानं गाडीचं दार उघडं टाकलं होतं, ते लावलं. मग साडू पुढं झाले, सासूबाईंचा हात धरला आणि बॉनेटवर ठेवला. विळ्या-खुरप्यांनी चिरलेला तो तळहात आणि मनगटात पितळी पाटल्या. त्या रंगावरनं खरखरत फिरत होत्या, आणि साडू हलले नाहीत.

"गुळगुळीत हाय. काळीच ना?"

"काळीच, आई."

"माझ्या म्हशीवानी?"

"तिच्यापेक्षा जरा डावी."

सासूबाई खुशीत हसल्या. गाडीभोवती अशी एक फेरी झाली. मागच्या दाराशी येऊन त्या म्हणाल्या, "आता बसवा मला. फिरवा कुठंबी. मला काय दिसायचंय? तुमी सांगत ऱ्हावा."

म्हणून आम्ही निघालो. साडू गाडी चालवत होते आणि जे दिसेल ते सांगत होते. किल्ला आला, आई. शेळ्या आल्या. पाटलांच्या नव्या घराला गुलाबी रंग दिलाय. मग शिवार लागलं. दोन्ही बाजूंना सीताफळाच्या नुसत्या काटक्या, पुढं कोरडी नदी, तिच्यात वाळू उपसल्याचे खड्डे. साडूंनी गाडी आणखी हळू केली.

"नदीला पानी हाय, आई," ते म्हणाले. "लई नाय. पर हाय."

सासूबाईंचा सगळा जन्म त्याच नदीच्या काठावर गेलेला. त्यांनी काचेच्या बाजूला तोंड केलं, वारा लागू दिला आणि हळूच म्हणाल्या, "असू द्या. अजून सांगा."