भिंतीपलीकडचा खुंटा

“ओलं हाय, दमानं.”

हे त्या म्हाताऱ्या विणकराचे वाक्य. धाग्यांना चिंचोक्याची खळ लावली की ती वाळेपर्यंत हात लावायचा नसतो. तो नियम त्याने साऱ्या जगाला लावला होता. सोयरीक असो, भांडण असो, नाहीतर माझी सरकारी मोजणी, सगळेच ओले. अशी माणसे आपणही पाहिली असतील.

शेवगावच्या पूर्वेकडील एका गावाचे गावठाण आम्ही मोजत होतो. निवृत्तीपूर्वीचे माझे शेवटचे काम. घोंगड्या विणणाऱ्यांच्या आळीत एकेकाळी घरोघरी माग होता. आता फक्त याच्याच घरी उरला होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून म्हातारा बसलेला, आणि समोर ताणलेले काळे धागे. खोली ओलांडून ते सरळ भिंतीत शिरत होते. भिंतीला दोन हात लांब, वीतभर उंच अशी आडवी फट होती.

“पलीकडे काय?”

“भावाचं घर, साहेब. माजी खोली आखूड पडती. वाटन्या झाल्या तवा भिंत घातली, पन फट ठिवली. खुंटा त्याच्याकडं हाय.”

विणलेली घोंगडी मागाकडे गुंडाळायची, तर पलीकडच्या खुंट्यावरचा दोर तेवढा सैल सोडावा लागतो. म्हाताऱ्याने मागाच्या लाकडावर तीनदा ठोकावे, भावाने दोर वीतभर सोडावा, असा शिरस्ता होता. पुढे बांधावरून दोघांचे बोलणे अकरा वर्षे बंद राहिले.

“मग दोर कोण सोडायचा?”

“त्योच की. दोराशी कुटं भांडान हुतं?”

आता भाऊ वारला होता. त्याचा मुलगा शिर्डीला हॉटेलात नोकरीस. मोजणीसाठी आला तो गवंडी घेऊनच. घर भाड्याने द्यायचे होते.

“काका, फट बुजवायची. उंदरं येत्यात.”

“तुज्या बापाच्या वक्ताला बी येत हुती. पन धागा चुकवून जायची. शानी हुती, तुज्यापरीस.”

मागावर घोंगडी अर्धी होती. फट बुजवायची तर धागे कापावे लागणार. आणखी एक घोंगडी सुरू करण्याएवढे बळ त्याच्यात उरले नव्हते. ते त्यालाही ठाऊक होते. त्याने माझ्याकडे काही मागितले नाही.

मी म्हणालो, “मोजणी होईपर्यंत भिंतीला हात लावता येणार नाही.”

असा नियम मला ठाऊक नव्हता. ती भिंत मोजायचे मी शेवटच्या दिवसासाठी ठेवले. चार दिवस मिळाले.

दुपारी मी त्याच्या ओट्यावर नकाशे घेऊन बसे. फटीतून पलीकडचे ऊन धाग्यांवरून सरकत अलीकडे येई. लोकरीचे तंतू त्यात तरंगत राहत, खाली बसतच नसत. धाग्यांतून ये-जा करणारा धोटा थांबे, म्हाताऱ्याची पावले गल्लीला वळसा घालून पुतण्याच्या घरात जात, दोर सोडून परत येत, पुन्हा धोटा. त्या आवाजात माझ्या रेघा मंदावत. मी झोपलो नव्हतो. जागा होतो, असेही म्हणवत नाही.

तिसऱ्या दिवशी धोटा थांबला आणि पावले वाजली नाहीत. गुडघे धरून तो खड्ड्यातच बसला होता. बऱ्याच वेळाने, सवयीने असावे, त्याने लाकडावर तीनदा ठोकले.

दोर वीतभर सैल झाला.

भिंतीपलीकडून पुतण्या म्हणाला, “आजून सोडू का, काका?”

“बास. बापापरीस बरा सोडतूस. त्यो लई ढिला सोडायचा.”

चौथ्या दिवशी घोंगडी पुरी झाली आणि दोराचे टोक फटीतून अलीकडे आले. पुतण्याने खुंट्यावरून सोडले होते. मी भिंत मोजली, सामाईक अशी नोंद केली आणि नगरला परतलो.

गेल्या मार्गशीर्षात त्या गावी जाणे झाले. म्हाताऱ्याच्या दाराला कुलूप होते. दिवाळीआधीच गेला, असे शेजारणीने सांगितले. खिडकीच्या गजांतून मी आत पाहिले. फट पलीकडून सिमेंटने भरलेली होती. भरताना ते अलीकडे ढासळू नये म्हणून इकडून कोणीतरी हात लावून धरले होते. एकाशेजारी एक, एकाच हाताचे पाच पंजे ओल्यातच उमटले होते.