फिटरच्या मुलीचे प्रश्न

कागदाच्या कारखान्यातले इंजिनिअर साहेब बोलण्यात मोठे कंजूष. बायको म्हणायची, "यांच्यापेक्षा मोटारपंप बरा, निदान घरघरतो तरी." साहेब त्यावरही हसायचे नाहीत. पूर्वी हसायचे. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखालचा फिटर गेला आणि त्यांचं हसूच आटलं. रोज सकाळी देवापुढे हात जोडून उभे राहायचे, पण मागायचे काहीच नाहीत. मागायला तोंड हवं ना!

फिटर गेला तो लगद्याच्या टाकीत. रद्दी कागद पाण्यात घुसळणारी दोन पुरुष उंचीची टाकी. पात्यांना सुतळी गुंडाळली की फिटरने शिडीवरून आत उतरायचं आणि ती कापून काढायची. उतरण्याआधी मेन स्विचला आपलं कुलूप घालायचं, किल्ली खिशात टाकायची. कुलूप आहे तोवर यंत्र सुरू होत नाही. आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. फिटर कुलूप घालायलाच विसरला, असं चौकशीत ठरलं. 'निष्काळजीपणा' हा शब्द त्याच्या घराला चिकटला तो चिकटलाच.

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिची पुस्तकं, शिकवणी, दातांचा डॉक्टर, सगळं साहेबांनी पाहिलं. ती त्यांना काका म्हणायची. लोक म्हणायचे, असा साहेब मिळायला नशीब लागतं. ते ऐकलं की साहेब तिथून उठून जायचे.

त्या रविवारी ती वही घेऊन आली. कॉलेजात सांगितलं होतं, ज्या क्षेत्रात जायचंय तिथल्या माणसाची मुलाखत घेऊन या.

"काकू, आज काकांना बोलावंच लागणार. दहा प्रश्न आहेत."

"दहा? अगं, दहा शब्द मिळाले तरी पेढे वाट," म्हणत काकू बाजारात गेल्या.

पण साहेब बोलले. इंजिनिअरचा दिवस कसा जातो, गणित किती लागतं, बाई माणसाचं कारखान्यात कोणी ऐकतं का. "पहिली दोन वर्षं ऐकत नाहीत. मग यंत्र बंद पडतं, तू चालू करतेस, आणि ऐकायला लागतात." ती खुदकन हसली, भराभर लिहीत गेली.

"तुला कशाला व्हायचंय इंजिनिअर?" त्यांनी विचारलं.

"मला असं यंत्र करायचंय काका, की माणूस कुलूप घालायला विसरला तरी ते सुरू होणार नाही. बाबांसारखी माणसं विसरतातच ना. विसरण्याची एवढी शिक्षा नको."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"आता सातवा प्रश्न. हा वहीतला नाही, माझा आहे." तिने दप्तरातून एक छोटी पितळी किल्ली काढली. "त्या दिवशी बाबांच्या खिशात होती. आईने जपून ठेवलीय. घरात एकाही कुलपाला लागत नाही. ही कसली?"

साहेबांनी ती हातात घेतली नाही. लांबूनच ओळखली.

"स्विचच्या कुलपाची."

"म्हणजे कुलूप नुसतंच पडून राहिलं असेल आणि किल्ली तेवढी खिशात. असं होतं ना?"

'होतं' म्हटलं असतं तर विषय तिथेच संपत होता. पोरगी त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायची. आठवा प्रश्न आला असता, काकू आल्या असत्या, चहा झाला असता.

"नाही होत," साहेब म्हणाले. "त्या कुलपाची रचनाच तशी. दांडी उघडी असली की किल्ली बाहेर निघत नाही. कुलूप लागलं तरच निघते."

तिने 'लागलं तरच निघते' असं लिहिलं. मग पेन थांबलं.

"मग बाबांनी लावलं होतं."

"लावलं होतं."

"काढलं कोणी?"

"मी कापलं." साहेबांचा आवाज कोरडा होता. "पाळी बदलत होती. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, सगळे गेले. मला वाटलं, कुलूप विसरून घरी गेला. खालूनच दोन हाका मारल्या. शेजारची यंत्रं धडधडत होती. टाकीवर पंधरा पायऱ्या चढून आत डोकावायला हवं होतं. डोकावलो नाही, यंत्र सुरू केलं. तुटलेलं कुलूप खिशात घातलं आणि चौकशीत गप्प बसलो."

पंखा फिरत होता. ती रडली नाही, ओरडली नाही. तेच साहेबांना सोसवेना.

"म्हणून पुस्तकं देत होतात?" तिने विचारलं.



तिने वही मिटली. "आईला मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. आत्ता."

साहेबांनी चपला घातल्या. दोन गल्ल्यांचं अंतर. ती पुढे, ते मागे. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. दार तिच्या आईनेच उघडलं, पिठाचे हात पदराला पुसत.

"अगंबाई, साहेब तुम्ही! या ना, बसा. झाली का मुलाखत? हिने फार डोकं खाल्लं असेल तुमचं."

साहेब उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "बसत नाही वहिनी," ते म्हणाले. "आधी ऐकून घ्या. मग बसवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."