न बसणारी पंचफुला

पंचफुलाशी बोलायचं तर चालावं लागे. बसून ती कुणाशी बोललीच नाही. लग्नाची पत्रिका घेऊन पाहुणा आला, तरी ती म्हणायची, "चाला, वावरापर्यंत बोलू," आणि निघायची. नव्या चपला पायाला चावत असल्या, तरी पाहुणा तिच्या मागे. तिच्या घरात खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कायम तुरीचं पोतं ठेवलेलं असे.

यवतमाळकडच्या नेरला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. दोघी एकाच गल्लीत सुना म्हणून आलो आणि तिथेच म्हाताऱ्या झालो. तिचं कपाशीचं वावर गावाबाहेर, बरंच लांब. नवरा गेल्यावर ते तीच बघायची. जाणं पायी, येणं पायी. मुलानं, प्रवीणनं, तिला स्कूटर घेऊन दिली. स्कूटर अंगणात उभी राहिली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

"काहून नाई शिकत वं?" मी विचारलं.

"त्याच्यावर बसा लागते," ती म्हणाली.

उपदेशाची तिला फार खोड. यवतमाळच्या गाडीची वाट पाहत लोक स्टँडवरच्या बाकावर बसलेले असत. ही जाऊन त्यांना उठवायची. "अवं बाई, गाडी येईपर्यंत फिर ना जराकशी. खुर्चीनं जेवढे मानसं मारले, तेवढे सापानंबी नाई मारले." एकदा एक साहेब चिडून म्हणाला, "मावशी, तुम्हाला माझ्या जागेवर बसायचं असेल तर सरळ सांगा ना." हे तिला फार लागलं. "मले? बसाचं?" असं ती घर येईपर्यंत म्हणत होती.

तब्येतीचं तिचं सांगणं थोडकंच होतं. रात्री अर्ध्या पोटानं उठायचं, सकाळी ज्वारीची भाकर खायची, पाय हलते ठेवायचे. आणि रोज काहीतरी नवं करायचं. नव्याचं तिला वेडच होतं. "रोज येकच भाजी देली तं घरचे ओरडतेत. मंग डोस्क्याले रोज तेच देलं तं थे काहून नाई ओरडत?" म्हणून ती वावराची वाट बदलायची. भाकरीवर बोटांची वेगवेगळी नक्षी उठवायची. मी म्हटलं, भाकर खायची असते, भिंतीवर लावायची नसते. तर म्हणाली, "तू चौथीत शाळा सोडली थे बरंच झालं, सुमे. मास्तर वाचला."

पण तिचं खरं नवं म्हणजे गाणं. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मातीची भुलाबाई मांडतात. पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. शेवटी घरची बाई झाकलेला डबा वाजवते, आणि आत काय खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. ती खिरापत. जुनी गाणी सगळ्यांनाच पाठ असतात. पंचफुला दर वर्षी एक नवं जोडायची. कधी नळाच्या पाण्यावर, कधी काटा मारणाऱ्या किराणावाल्यावर. ते तिला चालतानाच सुचायचं. बसून एक ओळ यायची नाही. वावरातून पुटपुटत, हातवारे करत यायची, तेव्हा नवख्या माणसाला वाटे, बाईला वारं लागलं. "पाय बसले का डोस्कं बसते," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी ते इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा कंटाळा आला होता.

मग ती पडली. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि बजावलं, याला धरून रोज चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. साऱ्या जगाला चालायला लावणाऱ्या बाईनं तो वॉकर बघितला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मले चार पायाचं जनावर करता काय? लोकं हासतीन."

"लोकं आजच हासून राह्यले काय तुले?" मी म्हटलं. पण ती उठली नाही. स्टँडवर ज्यांना तिनं उठवलं होतं, ते आता आपल्याला वॉकर ढकलताना बघतील, हेच तिच्या डोक्यात बसलं होतं.

प्रवीण पुण्याहून आला. म्हणाला, "माय, दिवाळीपर्यंत चालाले लागली तं ठीक. नाई तं हे घर बंद करून तुले घेऊन जातो. लिफ्ट हाय, टीव्ही हाय. बसून राह्य आरामात." मुलगा वाईट नाही. रजा तरी किती काढणार? पण पुण्यात त्याच्या तिसऱ्या माळ्यावर बसून राहणं म्हणजे पंचफुला संपली, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं. तरी उठेना.

भुलाबाईचे दिवस आले. पोरी तिच्या दारात आल्या. "आजी, यंदाचं नवं गानं?"

"नाई हाय. सरलं," ती म्हणाली. पोरी जुनंच म्हणून गेल्या.

गल्लीतल्या बायका येत, तिचा हात धरून बसत. म्हणत, आराम कर बाई, जन्मभर चालली. फार मऊ बोलत. मला मऊ बोलता येत नाही. आणि मऊ बोलण्यानं हाड जुळत असतं, तर ऑपरेशन कशाला लागलं असतं?

पोरी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले आणि उंबऱ्याजवळ उभी राहून वाजवला.

"वळख."

"लाडू."

"नाई."

"शंकरपाळे. नाई तं फुटाने. येवढं कायचं वाजते वं?"

"येऊन पाह्य ना." मी डबा उंबऱ्यावर ठेवला. वॉकर तिच्या खाटेला लावला. मग खुर्चीवरचं पोतं खाली उतरवलं आणि खुर्चीत बसले. तिच्या घरात खुर्चीत बसलेली मी पहिलीच.

"ऊठ तिच्यावरून."

"नाई उठत. तुले चालाचं नाई, मले उठाचं नाई. आता रोज येऊन बसीन."

तिनं मला शिव्या दिल्या. माझ्या माहेराला दिल्या, माझ्या हातच्या वरणाला दिल्या. आणि शिव्या देता देता वॉकर धरला. उभी राहिली. घामानं कपाळ भिजलं. एक पाऊल, एक शिवी. मी खुर्चीचे दांडे घट्ट धरून बसले होते. ही पडली तर प्रवीणला काय सांगणार होते मी? पण उठून आधार दिला असता, तर ती तिथूनच परत फिरली असती.

ती उंबऱ्यापर्यंत गेली. वॉकरला टेकून डबा उचलला, उघडला. आत खडे होते. नाल्यातून वेचून आणलेले.

तिनं खड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. डबा आता डोक्यात बसतो, असं मला वाटलं. पण तिचे ओठ हलत होते. पुटपुटणं ओळखीचं होतं.

"शेजारीन माही वं दगडाची बाई,
डब्बा वाजे खडखड, खायाले काई नाई."

"पुढं?" मी विचारलं.

"पुढचं घरात नाई सुचत. सरक, अंगनात जाऊ दे मले."

कोजागिरीला सगळ्या पोरींनी ते गाणं माझ्याच दारात म्हटलं. पंचफुला वॉकरवर वाकून सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती. लोक हसले. तिच्यावर नाही, माझ्यावर. प्रवीण दिवाळीला आला तेव्हा ती गल्लीच्या टोकाला होती. "चाल, चालत बोलू," म्हणाली. तो एकटाच पुण्याला परत गेला.

त्यानंतर ती काही वर्षं जगली. ती चालता चालता गेली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खोटं होईल. उन्हाळ्यात ताप आला आणि खाटेवरच गेली. आदल्या दिवशी मला म्हणाली, "आता चौघं उचलून नेतीन. थेच मले पसंत नाई."

आता तिच्या वावराच्या वाटेनं मी चालते. मला गाणं सुचत नाही. भूक लागते. तेही काही कमी नाही.

गेल्या भुलाबाईला पोरी माझ्या दारात आल्या आणि तेच दगडाच्या बाईचं गाणं म्हणाल्या. त्याच्या आदल्या वर्षी तेच म्हटलं होतं, त्याच्याही आदल्या वर्षी तेच. मी डबा झाकूनच ठेवला. म्हटलं, "हे शिळं झालं. नवी ओळ आना, मंग डब्बा उघडीन. अन् पायरीवर बसू नोका, बसून नाई सुचत."

पोरी कुरकुरल्या. मग गल्लीत इकडून तिकडे फिरू लागल्या, भांडू लागल्या, हसू लागल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या आणि एका दमात म्हणाल्या,

"दगडाची बाई वं, दात तिले नाई,
डब्ब्यातले खडे आता कोन वं खाई?"

माझे खालचे दात अजून आहेत. पण ओळ नवी होती. मी डबा उघडला.